जिन्नाची फुंकर

दासगावात रमजानच्या अंगणात त्या गुरुवारी दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. ओटीवर माणसं, पडवीत माणसं, विहिरीच्या कठड्यावर पोरं. मागे राहिलेले पुढच्यांच्या खांद्यांवरून माना लांब करून बघत होते. आणि बघत काय होते? तर एक डबा! पत्र्याचा, विटेपेक्षा जरा मोठा, एका अंगाला जाळी आणि दुसऱ्या अंगाने रंगीत वायरींचा झुपका बाहेर आलेला. तांब्याच्या ताटात ठेवलेला, खाली हिरवं कापड, वायरींवर लाल कापड, भोवती उदबत्त्या.

डब्यामागे लोखंडी बाबा मांडी घालून बसले होते. गळ्यात रुद्राक्ष, त्यावर तसबीहची जपमाळ, त्यावर चांदीचा ताईत. कुठल्याच धर्माचं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये, असा पक्का बंदोबस्त.

"गप ऱ्हावा सगळे! आवाज केलात तर बिथरंल. वाळवंटातला हाय तो, त्याला अजून कोकणची हवा मानवली नाय."

बाबांनी झोळीतून एक वाकवलेली लोखंडी तार काढली, कपाळाला लावली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले. मग लाल कापडाखाली हात घालून वायरींच्या टोकाला असलेल्या पांढऱ्या तोंडात ती तार खुपसली. डबा घुर्रर्र करून जागा झाला. जाळीमागचं पातं गरगर फिरायला लागलं आणि उदबत्त्यांचा धूर सरळ लोकांच्या अंगावर आला.

"बघा! साँस ले रहा है! श्वास घेतोय!"

अंगणात 'या अल्ला' आणि 'देवा रे' एकाच वेळी उठलं. बाबांनी तार काढली, डबा गप्प. घातली, घुर्रर्र. काढली, पुन्हा गप्प. माणसांनी तोंडात बोटं घातली.

डब्यातून एक काळी जाड दोरी निघून ओटीवरच्या विजेच्या बोर्डापर्यंत गेली होती. कोणीतरी धीर करून विचारलंच, "बाबा, ती वायर कशाला?"

"ज्या वाटंनं तो घरात शिरला तीच ही वाट. ती तोडली तर घरभर हिंडंल. हिंडवायचा हाय काय तुला?"

विचारणारा चार पावलं मागे सरकला. मग सुरू झाली रांग. जिन्नाची फुंकर तोंडावर घेतली की छातीतलं दुखणं निघून जातं, असं बाबांनी सकाळीच जाहीर केलं होतं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात राहणारा भागोजी नावाचा शेतकरी आपल्या बायकोला, आनंदीबाईला, घेऊन पहिला बसला होता. म्हातारी खोकून खोकून अर्धी झाली होती. पदरावर लाल डाग दिसत होते. ती बिचारी डब्याच्या जाळीपुढे तोंड नेऊन तो कोमट वारा छातीत ओढत होती. भागोजी हात जोडून म्हणत होता, "घे गो, आजून घे."

आत स्वयंपाकघराच्या दारात रमजानची बायको नुरजहाँ उभी होती. उभी कसली, तिचं नुसतं आत-बाहेर चाललं होतं. गॅसवरचा चहा उतू गेला, तो पुसायला घेतला आणि अर्धवट पुसून ती परत दारात आली. तिथून तिला एका बाजूला डबा दिसत होता आणि दुसऱ्या बाजूला, आतल्या खोलीत, चटईवर भिंतीकडे तोंड करून बसलेली तिची मुलगी दिसत होती. एकीकडे बघवत नव्हतं आणि दुसरीकडे बघायची हिंमत होत नव्हती.

ती मुलगी म्हणजे नशरा. नुकतीच बारावी झालेली, एस.टी.ने महाडला कॉम्प्युटरच्या क्लासला जाणारी, पुढे पनवेलला डिप्लोमा करायचाच म्हणून बापाच्या मागे भुणभुण लावणारी. जिन्न अर्धा डब्यात आलाय आणि अर्धा या पोरीत अडकलाय, असं बाबांचं निदान होतं. उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर जीप यायची होती. बाबा तिला घाटातल्या आपल्या ठिकाणी नेणार होते. चाळीस दिवस. आईबापानेसुद्धा तोंड बघायचं नाही. क्लास बंद, डिप्लोमा बंद, नंतर बघू काय ते. आणि रमजान, जो आपल्या ट्रकच्या टायरमध्ये हवा किती आहे ते दुसऱ्यावर न सोडणारा माणूस, तो या सगळ्याला मान डोलवून बसला होता.

हे सगळं सुरू झालं ते एका कॉम्प्युटरमुळे. थोरला मुलगा राहील सौदीत, दम्मामला नोकरीला. त्याच्या ऑफिसाने जुनी मशिनं काढून टाकली, त्यातलं एक त्याने बहिणीसाठी मागून घेतलं आणि कार्गोने मुंबईला धाडलं. रमजानने खोका आपल्याच टेम्पोतून घरी आणला. आळी गोळा झाली. नशराने वायरी जोडल्या, अब्बांकडे बघून हसली आणि बटण दाबलं.

फाट्! बंदुकीचा बार उडावा तसा आवाज. मशिनच्या मागून निळा जाळ, मग काळा धूर, आणि घरातली वीज गुल. नशरा किंचाळली आणि चक्कर येऊन पडली. आता कानाशी फटाका फुटल्यावर पोर किंचाळणार नाही तर काय गाणं म्हणणार? पण लोकांना तेवढं कुठे पुरतं! संध्याकाळपर्यंत आळीने ठरवून टाकलं की खोक्यातून काहीतरी आलंय. चार घरं फिरून बातमी परत आली तोवर त्या 'काहीतरी'ला शिंगं फुटली होती.

पोर दोन रात्री दचकून उठली. तेवढ्यात महाडच्या बाजूला गुरांचे उतारे काढत फिरणारे लोखंडी बाबा दारात हजर झाले. कोणी बोलावलं ते आजवर कळलेलं नाही. बाबा आपली भली मोठी झोळी घेऊन कॉम्प्युटरच्या खोलीत शिरले, दार लावून घेतलं, आत बराच वेळ ठाकठोक झाली. बाहेर आले ते हातात हा डबा घेऊन. "काढला! पेटीच्या पोटातून काढला!" मशिनला त्यांनी हिरव्या कापडात गुंडाळलं, काळ्या दोऱ्याने बांधलं आणि माळ्यावर ठेवायला लावलं. दोरा तोडेल त्याचा हात झडेल, असंही सांगून ठेवलं. झोळी आत जाताना किती फुगली होती आणि बाहेर येताना किती, हे कोणी पाहिलं नाही. लोक डबा बघत होते.

नशरा तेव्हाच म्हणाली होती, "अब्बा, आपला तर जळला. मग हा कसा चालतो?"

बाबा गर्रकन वळले. "ऐकलंत? पोर नाय बोलत ही. तो बोलतोय!"

झालं. तेव्हापासून नशरा बोलली की जिन्न बोलतो आणि गप्प बसली की जिन्न लपतो. रडली तर जिन्नाला त्रास होतोय, हसली तर जिन्न माजलाय. अशा पोरीने करायचं तरी काय? ती भिंतीकडे तोंड करून बसली.

नुरजहाँ हे सगळं बघत होती. तिचा जिन्नावर विश्वास नव्हता असं नाही हो. लहानपणापासून ऐकत आलेली. पण आपली पोर आपल्याला ओळखू येत नाही, हे काही तिच्या पोटात उतरत नव्हतं.

आनंदीबाई फुंकर घेत असतानाच डबा अचानक थांबला. तार तर आतच होती. बाबांनी ती हलवली, काढून पुन्हा घातली. डबा ढिम्म. बाबांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी वर पाहिलं. ओटीवरचा पंखाही थांबत आला होता.

"दमला," बाबा म्हणाले. "दिसभर फुंकर मारून दमला. झोपू द्या त्याला."

लोक पांगले. नुरजहाँ आत आली. फ्रिजची घरघर थांबली होती. गुरुवारची लोडशेडिंग. फ्रिज झोपला, पंखा झोपला आणि जिन्नही नेमका त्याच वेळी झोपला? वीज मंडळ जिन्नालाही सोडत नाही की काय? तिला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. ती उठून पाणी प्यायली. बसली. परत उठली. चादर झटकली, मांडणीवरची भांडी काढून उगीच परत लावली.

"बस की गो जरा," रमजान ओरडला. "काय मांजरासारखी घालतेस येरझाऱ्या?"

"राहीलच्या अब्बा, लाइट गेली तशी तो डबा थांबला."

"बाबांनी सांगितलं ना, दमला म्हणून? तू आता डोकं नको चालवूस. पोरीची पिशवी भर."

तिने पिशवी भरायला घेतली. नशराची ओढणी घडी करताना तिचे हात थांबले ते थांबलेच.

शुक्रवारी सकाळी राहीलचा फोन यायचा. त्याला काही कळवायचं नाही, अशी रमजानची सक्त ताकीद होती. पण फोन आला तेव्हा रमजान जीपवाल्याकडे गेला होता. नुरजहाँने रिसीव्हर उचलला तर मागून नशराचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी ती आपणहून बोलत होती. "अम्मी, भाईला एवढंच विचार. तिकडे कॉम्प्युटर लावायचा त्या बोर्डावर वीज किती होती?"

पोर बोलतेय की कोण बोलतंय, असा विचार क्षणभर नुरजहाँच्या मनात येऊन गेला. त्या विचाराची तिला लाज वाटली, आणि त्या लाजेपायीच तिने विचारलं.

"इकडं? एकशे दहा," राहील म्हणाला. "एसीचा बोर्ड तेवढा दोनशे वीसचा. का गो अम्मी? कॉम्प्युटर लावलात काय? मागचं लाल बटण फिरवलंत ना?"

"कसलं लाल बटण?"

राहील म्हणाला, "या अल्ला. मी सांगायलाच विसरलो. फुटला काय?"

फोन ठेवून नुरजहाँ उठली. तिने शिडी लावली. माळ्यावरून मशिन खाली घेतलं. हिरव्या कापडावरचा काळा दोरा तिच्यासमोर होता. 'हात झडेल' हे शब्द कानात वाजत होते. तिने मासळी कापायची सुरी घेतली, बिस्मिल्ला म्हटलं आणि दोरा कापला. मग पहिल्यांदा स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. पाचही होती.

"मागं बघ अम्मी. वायर लावायच्या जागेशेजारी," नशरा म्हणाली.

मशिनच्या मागे नखाएवढं लाल बटण होतं आणि त्यावर ११५ असा आकडा. नशराने सुरीच्या टोकाने स्क्रू काढून बाजूचा पत्रा उघडला. जळकट वास नाकात शिरला. आत, जिथल्या तिथे, घट्ट बसवलेला एक पत्र्याचा डबा होता. जाळी काजळीने काळी झालेली.

"हा आपला पॉवर सप्लाय," नशरा म्हणाली. "भिंतीतली वीज घेऊन मशिनला झेपेल एवढी करून देतो. बटण ११५ वर, म्हणजे हा एकशे दहा-पंधराच्या कमी दाबाच्या विजेसाठी लावलेला होता. आपण दुप्पट दाब दिला. आतले भाग फुटले. बाकी काही नाही."

"म्हणजे बाबांनी पोटातून काही काढलंच नाय?"

"काढलं असतं तर हा इथे कसा असता? तो डबा त्यांनी झोळीतून आणला."

"पण तो श्वास घेतो, तो? तार घातली की?"

नशराच्या चेहऱ्यावर आज पहिल्यांदा जरा रंग आला. "आमच्या मॅडम क्लासमध्ये सप्लाय असाच तपासतात. तो मशिनपासून सोडवायचा, बोर्डाला लावायचा, आणि पांढऱ्या प्लगमधलं हिरव्या वायरीचं भोक शेजारच्या काळ्या वायरीच्या भोकाला तारेने जोडायचं. मशिनचं बटण दाबल्यासारखंच होतं ते. सप्लाय धड असेल तर पंखा फिरतो."

"आणि मंतरलेली तार?"

"कुठलीही चालते. फक्त डब्याचा पत्रा उघडायचा नाही, आत वीज साठून राहते."

नुरजहाँ बसल्या जागी तोंडावर ओढणी धरून राहिली. मग बाहेर जीपचा हॉर्न वाजला आणि ती उठली.

नमाज आटोपून माणसं अंगणात आली होती. बाबांनी शेवटचा खेळ मांडला होता. लाइट होती, त्यामुळे जिन्नाची झोप छान झालेली. भागोजी आनंदीबाईला घेऊन परत पहिल्या रांगेत. रमजान नशराची पिशवी हातात घेऊन दारातच उभा. त्याचे डोळे लाल झाले होते, पण वळून बघायला तो तयार नव्हता.

"पोरीला आणा," बाबा म्हणाले.

नशरा आली नाही. नुरजहाँ आली. पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढत ती सरळ ताटापाशी गेली.

"बाबा, माझी एक मागणी हाय. जायच्या आधी जिन्नाला एकदा माझ्या हातानं जागा करू द्या."

"तुझ्या हातानं?" बाबा हसले. "अगो बाय, कोळसा होईल हाताचा! ही तार सात संगमांत बुडवलीय, सात अवसा जागवलीय. तुला ती पेलायची नाय."

"तुमची तार कोण मागतंय?"

तिने ओढणीखाली हात घातला आणि अंबाड्यातला आकडा उपसला. केस पाठीवर सुटले. अंगणात कुजबुज झाली. रमजान ओरडला, "नुरजहाँ! येडी झालीस काय गो?" पण तोवर तिने लाल कापड उचलून बाजूला फेकलं होतं.

वायरी उघड्या पडल्या. पिवळ्या, लाल, नारिंगी, निळी, काळ्या. एवढ्यांत एकच हिरवी. शेजारी काळी. खरं सांगायचं तर त्या क्षणी नुरजहाँचा पोरीवर जितका विश्वास होता तितकीच जिन्नाची भीतीही होती. तिने आकड्याचं एक टोक हिरव्याच्या भोकात घातलं, दुसरं काळ्याच्या भोकात.

डबा गप्प.

बाबांनी मांडीवर थाप मारली. "बघा! बाईमाणसाचं ऐकंल तो? आता चिडला हाय. आता जे होईल त्याला मी जबाबदार नाय!"

माणसं मागे हटली. कोणीतरी पोराला उचलून घेतलं. आपण चुकलो, पोर गेली, असं नुरजहाँला वाटलं. तेवढ्यात घरातून नशराचा आवाज आला, मोठा, स्पष्ट.

"अम्मी, आकड्याला रंग आहे! टोकं घास!"

नुरजहाँ खाली बसली. जोत्याच्या दगडावर तिने आकड्याची दोन्ही टोकं खसाखसा घासली. काळा रंग निघाला, खालचं लोखंड पांढरं दिसायला लागलं. पुन्हा हिरवं भोक, पुन्हा काळं.

घुर्रर्र!

पातं फिरलं, वारा सुटला, बाबांची दाढी हलली. नुरजहाँने आकडा काढला, डबा थांबला. घातला, चालू. काढला, बंद. बाबांनी केलं होतं तेवढ्या वेळा तिने केलं, वर एकदा जास्तच. मग आकडा आतच ठेवून ती बोर्डापाशी गेली आणि काळ्या वायरीचा प्लग ओढून काढला. डबा दोन गिरक्या खाऊन बंद पडला.

"वाट तोडली मी. आता हिंडायला सांगा त्याला घरभर."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांची बोबडी वळली होती. "हे... ही... पोरीतला अर्धा जिन्न हिच्यात आला!"

"राहीलच्या अब्बा," नुरजहाँ नवऱ्याकडे वळली, "तुम्ही मागं एका जीपमधला टेप काढून ट्रकात लावला होता, तेव्हा काय झालं होतं?"

रमजान गोंधळला. "जळला. जीपला बारा व्होल्ट, ट्रकला दोन बॅटऱ्यांचं चोवीस. धूर निघाला होता..."

"तेव्हा जिन्न होता काय टेपात?"

"जिन्न कसला, माझीच चूक ती."

"मग हा कॉम्प्युटर सौदीच्या एकशे दहावरचा. आपण त्याला दोनशे तीसवर लावला. राहीलला विचारून घेतलं मी. मागचं लाल बटण फिरवायचं राहिलं." तिने त्याच्या हातातल्या पिशवीकडे बोट केलं. "टेप जळला तर बॅटरी बघितलीत. कॉम्प्युटर जळला तर पोर बाहेर काढायला निघालात?"

नशरा आतून उघडं मशिन ढकलत ढकलत ओटीवर घेऊन आली. काजळीने माखलेला डबा आत जसाच्या तसा होता. पहिल्या फळीतल्यांनी वाकून पाहिलं, वास घेतला, मागच्यांना सांगितलं. बाबांनी 'पोटातून काढलेला' डबा ताटात, आणि पोटातला डबा पोटात. आता हे जुळवायचं कसं? बाबांनी जुळवायचा प्रयत्न केला, "दोन जिन्न होते," असंही म्हणाले, पण आता लोक हसायला लागले होते. अशा धंद्याला शिव्या चालतात, हसू चालत नाही.

भागोजी तेवढा हसला नाही. तो पुढे आला. "पोरी, माजी बाय दोन दिस जो वारा घेते, तो कसला?"

"काका, तो पंखा आहे. डब्यातली गरमी बाहेर फेकतो. त्यात औषध काही नसतं."

भागोजीने बायकोच्या पदराकडे पाहिलं, मग बाबाकडे. त्याच्या हाताच्या मुठी वळल्या. दोघाचौघांनी बाबाची मानगूट धरलीही होती. रमजान मध्ये पडला. "मारू नका. ठाण्यावर न्या. आणि ती जीप दारात हाय ना? भागोजी, वैनीला बसव त्यात. महाडच्या सरकारी दवाखान्यात सोड म्हणावं, मी सांगितलंय." तो हे बोलत होता, पण हातातली पोरीची पिशवी त्याने अजून खाली ठेवली नव्हती. नशराने ती त्याच्या हातातून घेतली तेव्हा तो ओटीवरच बसला आणि सगळ्यांदेखत ढसढसा रडला.

आनंदीबाईला क्षय निघाला. औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असतात तर हाताबाहेर गेली असती. बाबा खरे कोण ते ठाण्यावर कळलं. मुंबईत जुन्या कॉम्प्युटरचे सुटे भाग विकायच्या धंद्यात होते म्हणे. जिन्न काढायच्या धंद्यात जास्त बरकत दिसली असणार.

पुढच्या आठवड्यात क्लासच्या मॅडम नवीन सप्लाय घेऊन आल्या. मशिन जुनं, त्याची प्लगची खाच वीस टोकांची. नवा प्लग चोवीसचा. चार टोकं बाहेर राहिलेली बघून आळीतल्या बायका पुन्हा कुजबुजायला लागल्या. नशरा म्हणाली, "जास्तीची चार नव्या मशिनांसाठी आहेत, जुन्याला लागत नाहीत. कडेला लोंबू दे." रमजानने लाल बटण २३० वर आहे की नाही ते स्वतः तीनदा बघितलं, चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं. मशिन सुरू झालं. पडदा उजळला. कोणी किंचाळलं नाही.

बायका मात्र कॉम्प्युटर सोडून नुरजहाँभोवती जमल्या. आवडी, शेजारीण, विचारत होती, "भाबी, तुला भ्या नाय वाटलं काय गो, त्या डब्याला हात लावायला?"

"वाटलं की. अजून झोपेत दचकून उठते," नुरजहाँ म्हणाली. "पण पोर जीपमध्ये बसली असती, त्याचं भ्या मोठं होतं."

"तू केलंस ते भारीच केलंस हां!"

नुरजहाँला ते कौतुक गोड लागलं नाही. कॉम्प्युटरपुढे बसलेल्या नशराच्या पाठीवर तिने हात ठेवला. नशराने मान वळवली नाही. हळूच म्हणाली, "अम्मी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तू म्हणालीस तेव्हा सगळ्यांनी ऐकलं."

खरंच होतं ते. बाबाच्या झोळीत जादू नव्हतीच. दोन वायरी जोडणारी तार होती, तीही फुटकळ. त्याचं सगळं सामर्थ्य एवढंच, की त्याने एका पोरीचं बोलणं जिन्नाचं ठरवलं आणि आपण ते मान्य केलं. तेव्हा चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी तो हाताने तपासून बघा. कापड असेल तर कापड उचला, दोरा असेल तर दोरा कापा, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवणाऱ्या माणसाला आधी जाब विचारा. आणि हे सगळं करण्याच्याही आधी, घरात एखादी पोर काही सांगत असेल, तर तिचं ऐकून घ्या.

नुरजहाँ नशराशेजारी खुर्ची ओढून बसली. "मला सांग," ती म्हणाली, "परत पहिल्यापासून सांग. मी मधे नाय बोलणार."